दिवा आणि नोंदवही

रोज सकाळी तुमचे वर्गशिक्षक हजेरीपट उघडतात. एकेक नाव घेतात आणि समोर खूण करतात. त्या लहानशा खुणेकडे तुम्ही फारसे लक्ष देत नाही. पण समजा, एका आठवड्यात वर्गातील पंधरा मुले गैरहजर राहिली. चौकशी केल्यावर कळले, की ती सर्व एकाच गल्लीत राहतात आणि सर्वांनाच जुलाब होत आहेत. आता तो हजेरीपट नुसता हजेरीपट राहिला नाही. त्या गल्लीतील पिण्याचे पाणी एकदा तपासून पाहा, असे तो न बोलता सांगू लागला.

नोंदीत अशी ताकद असते. ही ताकद ओळखून जिने हजारो माणसांचे प्राण वाचवण्याची वाट दाखवली, अशा एका स्त्रीची हकीकत या पाठात तुम्ही वाचणार आहात. तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. रात्रीच्या अंधारात हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका, असे तिचे चित्र तुम्ही पाहिले असेल. ते चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. तिच्या एका हातात दिवा होता, तर दुसऱ्या हातात नोंदवही होती. त्या नोंदवहीची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी झाला. तिचे आईवडील इंग्लंडचे श्रीमंत रहिवासी होते. ते इटलीच्या प्रवासात असताना फ्लॉरेन्स नावाच्या शहरात तिचा जन्म झाला, म्हणून त्या शहराचेच नाव तिला मिळाले. त्या काळी इंग्लंडमध्येही मुलींना फारसे शिकवत नसत. शिवणकाम, गाणे आणि चार लोकांत नीट वागणे एवढे आले, की मुलीचे शिक्षण पुरे झाले असे लोक मानत. पण तिच्या वडिलांचे विचार निराळे होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय फ्लॉरेन्स घरीच शिकली. गणिताची तर तिला विशेष गोडी होती. याद्या आणि तक्ते तयार करणे हा तिचा लहानपणापासूनचा छंद होता. सतरा-अठराव्या वर्षी ती घरच्यांबरोबर युरोपच्या प्रवासाला गेली. तेव्हाही गाडी किती वाजता निघाली, कुठे पोहोचली, अंतर किती झाले, हे सारे तिने आपल्या वहीत टिपून ठेवले.

मोठी झाल्यावर तिने रुग्णांची सेवा करण्याचा निश्चय केला. घरात जणू वादळ उठले. आज आपण परिचारिकेचा मान राखतो. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे काम हलके समजले जाई. रुग्णालये घाणेरडी असत. तेथे काम करणाऱ्या बायकांना ना शिक्षण मिळे, ना मान. चांगल्या घरातील मुलीने तेथे पाऊल ठेवणे आईला आणि बहिणीला मुळीच पसंत नव्हते. फ्लॉरेन्सने घरच्यांशी भांडण करून घर सोडले नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही. ती पहाटे उठे. घरातील माणसे झोपेत असताना दिव्याच्या उजेडात सरकारी आरोग्य अहवाल वाची. कोणत्या शहरात किती रुग्णालये आहेत, तेथे काय व्यवस्था आहे, याची टिपणे काढी. अशा कितीतरी वह्या तिने भरल्या. १८५१ मध्ये तिला जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे सुमारे तीन महिने राहून रुग्णसेवेचे शिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची ती प्रमुख झाली. तेव्हा तिचे वय तेहतीस वर्षांचे होते. येथून पुढे आपणही तिचा उल्लेख मानाने करू या.

१८५३ मध्ये तुर्कस्तान आणि रशिया यांच्यात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी इंग्लंड व फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने त्यात उतरले. लढाई काळ्या समुद्राकाठच्या क्रिमिया भागात चालली, म्हणून तिला क्रिमियाचे युद्ध म्हणतात. जखमी व आजारी इंग्रज सैनिकांना जहाजांतून समुद्रापलीकडे इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी गावी आणत. या गावाला आज उस्कुदार म्हणतात. तेथे तुर्की फौजेची एक प्रचंड मोठी बराक होती. तुर्की सरकारने ती इंग्रजांना रुग्णालयासाठी दिली होती. तेथील सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आल्या आणि लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. ३८ परिचारिकांना बरोबर घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचल्या.

तेथे त्यांनी काय पाहिले? लांबच लांब व्हरांड्यांत जखमी माणसे दाटीवाटीने पडलेली होती. अंगावरचे कपडे रक्ताने व मळाने कडक झाले होते. साबण नाही, टॉवेल नाही, पुरेशी भांडी नाहीत. उवा, उंदीर आणि दुर्गंधी मात्र भरपूर होती. लष्करातील काही डॉक्टरांना या बायका नकोशा वाटत होत्या. फ्लॉरेन्स यांनी वाद घातला नाही. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणी रुग्णाला हात लावायचा नाही, असे त्यांनी परिचारिकांना बजावले. थोड्याच दिवसांत नव्या लढायांतील जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांना त्यांना बोलवावेच लागले. मग त्यांनी धुलाईघर सुरू केले, स्वयंपाकघर सुधारले, सदरे आणि चादरी विकत आणल्या. रात्री हातात दिवा घेऊन त्या रुग्णांमधून फिरत. याच दिव्यामुळे त्यांचे नाव घराघरांत पोहोचले.

पण मित्रांनो, येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. एवढी सेवा होत असतानाही माणसे मरतच होती. किंबहुना त्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये या रुग्णालयांतील मृत्युदर शेकडा ४२ पर्यंत गेला. आणि ही माणसे कशाने मरत होती? तलवारीने किंवा गोळीने मरणारे थोडे होते. पटकी, हगवण आणि टायफसचा ताप यांनीच बहुतेकांचा बळी घेतला.

फ्लॉरेन्स यांनी मृतांची नोंद तपासायला घेतली, तेव्हा त्यांना धक्का बसला. तेथे मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि तिन्हींतील आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणजे किती माणसे मेली, हेसुद्धा कोणाला नक्की सांगता येत नव्हते. ज्या घरात जमाखर्च लिहिला जात नाही, तेथे पैसा कुठे गेला ते कळत नाही. येथे तर पैशाचा नव्हे, माणसांच्या जिवाचा हिशेब हरवला होता. फ्लॉरेन्स यांनी नोंदी नीट ठेवण्यास सुरुवात केली.

मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून एक आरोग्य आयोग स्कुटारीला आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी इमारतीखालचा भाग खणून पाहिला. सारी गटारे तुंबलेली होती. सांडपाण्याची घाण इमारतीखालीच साचून राहिली होती. पाण्याच्या मार्गात मेलेली जनावरे सापडली. आयोगाने शेकडो हातगाड्या भरून घाण बाहेर काढली, गटारे धुऊन मोकळी केली, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती केली. त्यानंतर मृत्युदर झपाट्याने उतरू लागला. जूनपर्यंत तो शेकडा सुमारे २ इतका खाली आला.

युद्ध १८५६ मध्ये संपले. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनी फ्लॉरेन्स यांना हिऱ्यांचे कंकण भेट दिले. इंग्लंडमध्ये त्यांच्या स्वागताची जय्यत तयारी चालली होती. पण त्या गाजावाजा न करता गुपचूप घरी परतल्या. त्यांच्या मनाला एकच विचार कुरतडत होता. जी हजारो माणसे रोगाने मेली, ती वाचली असती का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना एक चांगला साथी मिळाला. त्यांचे नाव विल्यम फार. इंग्लंडमधील जन्ममृत्यूच्या आकडेवारीचा अभ्यास करणारे ते सरकारी तज्ज्ञ होते. दोघांनी मिळून युद्धातील सारे आकडे महिन्यांप्रमाणे आणि रोगांप्रमाणे मांडले. मांडणी पूर्ण झाली, तेव्हा सत्य समोर आले. या युद्धात सुमारे २१,००० इंग्रज सैनिक मेले होते आणि त्यांपैकी सुमारे १६,००० रोगांनी मेले होते. स्कुटारीत तर मृत्यूचा आकडा खऱ्या अर्थाने उतरला तो गटारे साफ झाल्यानंतर. सुरुवातीला फ्लॉरेन्स यांना वाटत होते, की अपुरे अन्न, थंडी, थकवा आणि सामानाची टंचाई यांमुळे माणसे मरत आहेत. आकडे सांगत होते, की रुग्णालयाची घाण हेच मोठे कारण होते. म्हणजे ज्या छताखाली त्या रात्रंदिवस सेवा करत होत्या, त्याच छताखालची घाण माणसे मारत होती आणि ते तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते. या जाणिवेने त्यांना फार मोठा धक्का बसला असावा, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

अशा वेळी दुसऱ्या एखाद्या माणसाने काय केले असते? सारा देश आपले कौतुक करत असताना असे आकडे कपाटात बंद करून ठेवणे सोपे होते. फ्लॉरेन्स यांनी तसे केले नाही. त्यांनी ते आकडे छापून सरकारपुढे ठेवले.

आता अडचण अशी होती, की मंत्री आणि सेनापती आकड्यांचे लांब तक्ते वाचायला तयार नसत. म्हणून फ्लॉरेन्स यांनी १८५८ मध्ये एक आकृती प्रसिद्ध केली. तुम्ही ती मनाशी काढून पाहा. मध्यभागी एक बिंदू आहे. त्याच्याभोवती वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या आहेत. ज्या महिन्यात मृत्यू जास्त, त्या महिन्याची पाकळी मोठी. निळा रंग टाळता येण्यासारख्या रोगांचा, लाल रंग जखमांचा आणि काळा रंग इतर कारणांचा. भूमितीत तुम्ही शिकला आहात, की त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते. फ्लॉरेन्स यांनी पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवले होते. ही आकृती ज्याने पाहिली, त्याला एका नजरेत कळले, की लाल रंग चिमूटभर आहे आणि निळ्या रंगाने सारा कागद व्यापला आहे. शत्रूपेक्षा घाण जास्त सैनिक मारते, हे सांगायला मग भाषणाची गरज उरली नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शांततेच्या काळातसुद्धा इंग्लंडच्या बराकींतील तरुण सैनिक त्यांच्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. सरकारला जागे व्हावे लागले. बराकींमध्ये हवा, पाणी आणि गटारे यांची व्यवस्था सुधारली. सैन्याच्या आरोग्याची आकडेवारी ठेवणारा स्वतंत्र विभाग निघाला. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने फ्लॉरेन्स यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रोग जंतूंमुळे होतात, हे ज्ञान त्या वेळी पक्के झाले नव्हते. दूषित हवेमुळे रोग होतात, असेच त्या काळच्या पुष्कळ लोकांप्रमाणे फ्लॉरेन्स यांनाही वाटे. म्हणजे कारणाची त्यांची समजूत अपुरी होती. तरीही आकड्यांनी त्यांना योग्य वाट दाखवली. स्वच्छता केली की मृत्यू कमी होतात, एवढे आकड्यांवरून स्पष्ट दिसत होते.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. फ्लॉरेन्स यांच्या सन्मानार्थ लोकांनी जमवलेल्या निधीतून ही शाळा उभी राहिली. रुग्णाकडे बारकाईने पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे हा तेथील शिक्षणाचा भाग होता. त्याच वर्षी लंडनमध्ये संख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. फ्लॉरेन्स यांनी तिच्यापुढे एक योजना मांडली. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवते, त्यामुळे दोन रुग्णालयांची तुलना करता येत नाही. म्हणून सर्वांनी एकाच नमुन्याचा तक्ता वापरावा. किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती दगावले, किती दिवस राहिले, हे सर्वत्र एकाच रीतीने लिहावे. परिषदेने योजना उचलून धरली. काही रुग्णालयांनी ते तक्ते वापरूनही पाहिले. पण ते फार किचकट वाटल्यामुळे टिकले नाहीत. त्यांचा विचार मात्र काळाच्या पुढे होता.

आकड्यांपुढे स्वतःच्या कामाचीही गय करायची नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा दाखवून दिले. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुईणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष चालवला जात होता. तेथे बाळंतरोगाने मातांचे मृत्यू होऊ लागले. १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. फ्लॉरेन्स यांनी मग ठिकठिकाणचे आकडे जमवले. तेव्हा असे दिसले, की घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा त्या काळच्या रुग्णालयांत बाळंत होणाऱ्या स्त्रिया अधिक प्रमाणात दगावतात. १८७१ मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

तुम्हाला वाटेल, की हे सारे काम त्यांनी धावपळ करून केले असेल. तसे नव्हते. क्रिमियात त्यांना जबर ताप आला होता. त्या दुखण्याने त्यांची पाठ पुढे कधी पूर्णपणे सोडली नाही. १८५७ नंतर कित्येक वर्षे त्या बहुतेक वेळ खोलीतच असत. अंथरुणावर बसून त्यांनी हजारो पत्रे लिहिली आणि अहवाल तयार केले.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. पण येथील लष्करी छावण्यांना त्यांनी प्रश्नावली पाठवल्या. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, एका खोलीत किती माणसे राहतात, असे प्रश्न त्यांत होते. उत्तरांचे ढीग आले. ते वाचून त्यांनी निष्कर्ष काढले आणि १८६३ मध्ये सरकारी आयोगाचा अहवाल निघाला. तेव्हा भारतातील इंग्रज सैनिकांमध्ये दर हजारी ६९ माणसे दरवर्षी मरत असत. १८७३ पर्यंत हे प्रमाण १८ वर आले. पुढे त्यांचे लक्ष येथील सामान्य लोकांकडे, दुष्काळाकडे आणि खेड्यांच्या आरोग्याकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१९०७ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब दिला. तो मिळवणाऱ्याही त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा मान त्यांच्या घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलो गावात घरच्या माणसांजवळ त्यांची कबर आहे. त्यावर त्यांचे पूर्ण नावही नाही. फक्त नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

मित्रांनो, त्यांची नोंदवही मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. आज मोठ्या रुग्णालयांत परिचारिका रुग्णाचा ताप, नाडी आणि दिलेली औषधे संगणकावर नोंदवते. ही माहिती साठवणे, जुळवणे आणि तिच्यावरून निर्णय घेणे याचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याला वैद्यकीय माहितीशास्त्र म्हणतात. अमेरिकेत परिचारिकांच्या माहितीशास्त्राला १९९२ मध्ये स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. तेथील काही रुग्णालयांत अशा विभागाचे प्रमुखपद परिचारिका सांभाळतात. आपल्या देशात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. माणूस कुठल्याही गावी गेला, तरी त्याच्या आजाराची नोंद त्याच्या संमतीने तेथील डॉक्टरांना पाहता यावी, हा त्यामागचा हेतू आहे. स्कुटारीच्या न जुळणाऱ्या तीन नोंदवह्या आठवा, म्हणजे या क्रमांकाचे महत्त्व तुम्हाला कळेल.

तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका होईल, कोणी संगणक शिकेल. ज्या मुलीला रुग्णसेवेची आणि गणिताची अशी दोन्ही आवड असेल, तिने एक सोडून दुसरे निवडण्याचे कारण नाही. या क्षेत्रात दोन्हींची गरज आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्र स्वतः खरे किंवा खोटे बोलत नाही. माणूस जे भरतो, तेच ते परत देते. कंटाळा करून चुकीचा आकडा लिहिला, तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. आणि खऱ्या आकड्याने आपलीच चूक दाखवली, तर ती कबूल करण्याची हिंमत यंत्र आपल्याला देऊ शकत नाही. ती आपल्यातच असावी लागते. जो पुढारी ही हिंमत दाखवतो, त्याच्या मागे लोक विश्वासाने चालतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मोठेपण यात आहे.

उद्या सकाळी वर्गात हजेरी घेतली जाईल. आपले नाव आले की हजर म्हणा, आणि शेजारची जागा रिकामी दिसली, तर त्या मित्राच्या घरी जाऊन त्याची चौकशी जरूर करा.